केबल-डिश न घेता बेसबॉल कसं बघायचं? (मुक्काम शिकागो, टीम कब्स)

नेपरविलकर | १२ एप्रिल २०२५
नमस्कार मंडळी. लेक यंदा लिटल लीगमध्ये खेळायला लागलाय आणि घरात कब्सचं वेड शिरलंय. मार्चमध्ये टोकियोला कब्स-डॉजर्स झाली ती आपल्याकडे पहाटे पाचला होती, तर एरवी शाळेसाठी तीनदा हाका मारायला लागणारा मुलगा स्वतः उठून फॉक्स लावून बसला. केबल आम्ही कधीच बंद केली, त्या बिलात दर वर्षी काहीतरी नवीन फी उगवायची, आणि डिश सोसायटीवाले लावू देत नाहीत. आता एमएलबी (मेजर लीग बेसबॉल) टीव्हीचं सीझनचं पॅकेज १४९.९९ डॉलरला दिसतंय, सगळ्या टीम्स, ते सरळ घेऊन टाकावं असा विचार आहे. पण ऑफिसातला एक जण म्हणाला घेऊ नको म्हणून, कारण विचारेपर्यंत त्याची मीटिंग सुरू झाली. कोणी वापरतंय का? मे महिन्यात बाबा येतायत साताऱ्याहून, त्यांनाही दुपारी काहीतरी बघायला हवंच.

टिंबटिंब | १२ एप्रिल २०२५
थांबा थांबा, कार्ड बाहेर काढू नका!
एमएलबी टीव्ही ही गोष्ट लांबच्या टीमसाठी आहे. म्हणजे तुम्ही नेपरविलला राहून सिएटल बघा, मायामी बघा, जवळजवळ सगळं दिसेल. फक्त कब्स आणि शिकागोचीच दुसरी टीम व्हाइट सॉक्स लाइव्ह दिसणार नाहीत, कारण तो तुमचा घरचा इलाका. त्यांची कुठलीही मॅच लावली की काळा पडदा, मग ती मॅच रिग्लीला (कब्सचं घरचं मैदान) असो नाहीतर सॅन डिएगोला. याला ब्लॅकआउट म्हणतात. मॅच संपल्यावर साधारण दीड तासाने तीच मॅच पूर्ण बघता येते, पण तोवर स्कोअर कळलेला असतो, शाळेतल्या पोराला तर नक्कीच.
कारण सरळ आहे, प्रत्येक टीमने आपल्या भागातले हक्क लोकल स्पोर्ट्स चॅनेलला मोठ्या रकमेला विकलेत आणि ते चॅनेल केबलवाल्यांच्या जिवावर जगायचं. लॉस एंजेलिसला डॉजर्सनी पंचवीस वर्षांचा आठ अब्ज डॉलरच्या वरचा करार केला, आणि मग इतर केबल-डिश कंपन्यांना त्या चॅनेलचा दर परवडेना म्हणून २०१४ ते २०२० शहरातल्या निम्म्याहून जास्त लोकांना स्वतःची टीमच टीव्हीवर दिसत नव्हती. त्यांचा कॉमेंटेटर व्हिन स्कलीची शेवटची वर्षं अशी गेली, माणूस ६७ सीझन कॉमेंट्री करून २०१६ ला निवृत्त झाला आणि गावातल्याच लोकांना टीव्हीवर ऐकता येईना.

मका_आणि_मिसळ | १२ एप्रिल २०२५
ब्लॅकआउटचा विषय निघाला आणि आयोवावाला आला नाही असं होईल का 😄
मी सीडर रॅपिड्सला राहतो. आमच्या अख्ख्या राज्यात एकही मेजर लीग टीम नाही. तरी आमच्यावर हक्क सांगणाऱ्या टीम किती? सहा! कब्स, व्हाइट सॉक्स, कार्डिनल्स, रॉयल्स, ट्विन्स, ब्रूअर्स. सगळ्यात जवळचं स्टेडियम गाठायला चार तास गाडी हाणायची, आणि घरी बसून बघायचं म्हटलं तर म्हणे तुम्ही लोकल आहात. लास वेगासलाही सहाच होत्या म्हणतात, पण त्यांच्याकडे संध्याकाळी करायला इतर उद्योग आहेत, आमच्याकडे मका आहे.
आता थोडं सुधारलंय, ते नंतर लिहितो, पोरीला स्विमिंगला सोडायचंय.

फुकटचंद | १२ एप्रिल २०२५
एवढं कशाला, व्हीपीएन टाका, लोकेशन दुसरीकडचं दाखवा, काम तमाम.

टिंबटिंब | १२ एप्रिल २०२५
@फुकटचंद नियमांत ते बसत नाही, आणि ॲप लोकेशन नुसतं इंटरनेटवरून नाही तर फोनच्या जीपीएसवरूनही तपासतं. टीव्हीवर चालतं, मधेच बंद पडतं, मग आठव्या इनिंगला बाप सेटिंग्जमध्ये आणि मुलगा रडतोय. शिवाय घरच्या टीमसाठी सरळ पैसे देऊन बघायची सोय आता झालीये तर हवंय कशाला.

जुनी_खोड | १३ एप्रिल २०२५
नेपरविलकर, आम्ही शिकागोत आलो तेव्हा यातलं काही नव्हतं. डब्ल्यूजीएन, चॅनेल नऊ, घरातल्या टीव्हीच्या दोन कांड्या वर केल्या की कब्स. रिग्लीला १९८८ च्या ऑगस्टपर्यंत दिवेच नव्हते, त्यामुळे सगळ्या मॅचेस दुपारच्या. नाइट शिफ्ट करून घरी आलं, झोपून उठलं, की कॉमेंटेटर हॅरी कॅरेचा आवाज. सातव्या इनिंगला तो खिडकीतून बाहेर वाकून गाणं म्हणायचा, सूर कशाला म्हणतात हे त्याला माहीत नव्हतं, तरी अख्खं स्टेडियम त्याच्याबरोबर. आणि हे डब्ल्यूजीएन केबलवरून देशभर जायचं, म्हणून तुम्हाला आजही ॲरिझोनात, फ्लोरिडात कब्सचे लोक सापडतात. फुकट दाखवलं म्हणून टीम मोठी झाली, हे मी कधीपासून सांगतोय. २०१९ नंतर चॅनेल नऊवरचे कब्सही संपले, २०२० पासून मार्की हे कब्सचं स्वतःचं चॅनेल.
आता मुद्द्याचं. मार्कीचं ॲप थेट घेता येतं, महिन्याला १९.९९, केबल लागत नाही. पिन कोड कब्सच्या इलाक्यातला हवा, तो तुमचा आहेच. मी तेच घेतो, एप्रिलला सुरू, सीझन संपला की बंद. पण त्यात काही मॅचेस नसतात हे आधीच सांगतो, नाहीतर शुक्रवारी शोधत बसाल. शुक्रवारच्या काही ॲपल टीव्हीवर जातात (९.९९ महिना), शनिवारी कधी फॉक्स उचलतं, रविवार रात्रीची ईएसपीएन. रविवारी दुपारी एक मॅच रोकू चॅनेलवर असते, ती मात्र फुकट, रोकूचा डबा नसला तरी त्यांच्या ॲपवर किंवा वेबसाइटवर दिसते.

नेपरविलकर | १३ एप्रिल २०२५
काका, खूप धन्यवाद, हे कुठेच एका जागी सापडत नव्हतं. म्हणजे मी सिएटलचा फॅन असतो तर एका पॅकेजात जवळजवळ काम झालं असतं, आणि तीस मैलांवरच्या टीमसाठी चार ठिकाणी पैसे?

टिंबटिंब | १३ एप्रिल २०२५
बरोबर समजलात. टीम जितकी जवळ तितकं बघणं महाग. म्हणून कोणीही विचारलं की आधी दोनच गोष्टी विचारायच्या: टीम कुठली, आणि झिप कोड काय. ते न विचारता 'यूट्यूब टीव्ही घे' म्हणणाऱ्यांचं ऐकू नये. ते महिन्याला ८२.९९ झालंय, बऱ्याच टीम्सची लोकल चॅनेल्स त्यात नाहीत, आणि एवढे पैसे भरायचे तर केबल काय वाईट होती.

एडिसनचा_बाब्या | १३ एप्रिल २०२५
सगळे ॲपच्या मागे लागलेत, अँटेना कोणी बोलेना! अहो एकदाच तीस-चाळीस डॉलर, नंतर शून्य. फॉक्सच्या शनिवारच्या मॅचेस, ऑल-स्टार, अख्खी वर्ल्ड सिरीज (म्हणजे फायनल), सगळं हवेतून फुकट, आणि चित्र ॲपपेक्षा स्वच्छ कारण मधे इंटरनेटच नाही. ॲप कमीत कमी अर्धा मिनिट मागे असतं, शेजारच्यांकडे आरडाओरडा झाला की समजायचं आता होमरन येणार.
एक टीप, दुकानात जे कागदासारखे पातळ चौकोन मिळतात त्यातले बरेचसे यूएचएफसाठीच, म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सींसाठीच बरे असतात. आमच्याकडे न्यू यॉर्क मेट्सच्या काही मॅचेस पिक्स इलेव्हनवर लागतात आणि ते चॅनेल खरोखर अकराव्या फ्रिक्वेन्सीवर म्हणजे खालच्या व्हीएचएफवर आहे, तिथे तो चौकोन गप्प बसतो आणि लोक म्हणतात अँटेना बकवास. लांब दांड्यांचा घ्या, खिडकीत लावा, आणि ज्या दिशेला टॉवर असतील तिकडे तोंड करा. रॅबिटइअर्स नावाची साइट आहे, पत्ता टाकला की कुठलं स्टेशन कुठल्या दिशेला, किती जोरात, सगळं येतं. आणि घरमालकाची हरकत असेल तर सांगून ठेवतो, स्वतःच्या बाल्कनीत अँटेना लावायचा हक्क एफसीसीच्या (इथलं सरकारी दूरसंचार खातं) नियमात आहे, सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही. तो नियम एक मीटरपर्यंतच्या छोट्या डिशलाही लागू आहे बरं का, म्हणजे तुम्हाला डिश लावू देत नाहीत त्यावरही भांडता येईल, पण आता कशाला.

जुनी_खोड | १३ एप्रिल २०२५
बाब्याला अनुमोदन. आणि नेपरविलकर, अँटेना लावलात तर व्हाइट सॉक्स फुकट मिळतील. त्यांचं नवीन चॅनेल सीएचएसएन हवेतून येतं, ६२.२ वर बघा. फक्त एकच गोष्ट, गेल्या वर्षी ते १२१ मॅचेस हरले, आधुनिक काळातला विक्रम आहे. फुकट का आहे ते तुम्ही समजून घ्या 😄

साउथ_साइड_सदाशिव | १३ एप्रिल २०२५
काका तुम्ही काकांसारखं वागा. २००५ ला वर्ल्ड सिरीज आम्ही आधी जिंकलो, कब्सना २०१६ उजाडलं, १०८ वर्षांनी.

जुनी_खोड | १३ एप्रिल २०२५
सदाशिवराव, चॅनेल लागतंय ना नीट? मग बघा निवांत.

राणीसाहेब | १४ एप्रिल २०२५
तुम्ही सगळे बघण्याचं बोलताय, मी ऐकते. पोळ्या लाटताना स्क्रीन कोण बघणार. एमएलबीच्या ॲपमध्ये नुसत्या ऑडिओचं पॅकेज आहे, महिन्याला तीन-चार डॉलर, आणि त्याला ब्लॅकआउट नाही! दोन्ही टीम्सचे कॉमेंटेटर निवडता येतात. आणि तेही नको असेल तर साधा एएम रेडिओ, कब्स ६७० द स्कोअरवर, पॅट ह्यूज. तो माणूस कपडेसुद्धा वर्णन करतो, कुठल्या रंगाचे मोजे, टोपी कशी, वारा तळ्याकडून येतोय की तळ्याकडे जातोय. रिग्लीला वाऱ्यावरच मॅच ठरते हे मला त्याच्यामुळे कळलं. आपल्याकडे आकाशवाणीवर क्रिकेट ऐकलेल्या माणसाला हे जड जात नाही, उलट टीव्हीवर पिचरच्या दोन बॉलमधला वेळ कंटाळवाणा वाटतो तो रेडिओवर गप्पांत निघून जातो. नेपरविलकर, तुमच्या वडिलांना हे लावून द्या आधी.

मका_आणि_मिसळ | १४ एप्रिल २०२५
राणीसाहेब +१. रात्री एएम लांब जातं, आमच्या इथे सेंट लुईसचं केएमओएक्स ११२० कारमध्ये स्वच्छ लागतं, पन्नास हजार वॉटचं स्टेशन. अर्ध्या मिडवेस्टमध्ये कार्डिनल्सचे फॅन आहेत ते याच्याच कृपेने.
आता सुधारणेचं. ही लोकल चॅनेलवाली व्यवस्था मोडायला लागलीये कारण लोक केबल सोडतायत. डायमंड स्पोर्ट्स, म्हणजे बॅली स्पोर्ट्सच्या नावाने जी चॅनेल्स होती त्यांची कंपनी, मार्च २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी सॅन डिएगो पाद्रेसचं प्रसारण लीगने स्वतःकडे घेतलं, मग ॲरिझोना, मग कोलोराडो, आणि या वर्षी क्लीव्हलंड आणि आमचे ट्विन्स. लीगकडे आलं की भानगड संपते, महिन्याला १९.९९, टीमच्या पूर्ण इलाक्यात, काळा पडदा नाही. म्हणजे माझ्या सहातली एक सुटली. कार्डिनल्स, रॉयल्स, ब्रूअर्सची चॅनेल्स आता फॅनड्युएलच्या नावाने आहेत, तेही थेट विकतात. पण मी सहाही घेत बसलो तर बायको मला मक्यात उभा करेल. मी ट्विन्स घेतले, कारण इथले कर्नल्स ही त्यांचीच खालची टीम, गावातल्या स्टेडियममध्ये जी पोरं स्वस्तात बघितली ती दोन वर्षांनी टीव्हीवर दिसतात. मुलाला बेसबॉल आवडत असेल तर मायनर लीगला न्या, हातभर अंतरावरून पिचर वॉर्म-अप करताना दिसतो, कुठलंही सब्स्क्रिप्शन नाही.

सिंहगड_रोड | १४ एप्रिल २०२५
पुण्यातून वाचतोय आणि हसतोय. इथे बसून एमएलबी टीव्हीवर कब्स सुद्धा दिसतात, ब्लॅकआउट-बिकआउट काही नाही, ऑक्टोबरमधल्या प्लेऑफ सुद्धा त्यातच, जे अमेरिकेत त्याच पॅकेजात मिळत नाही. रिग्लीची दुपारी १:२० ची मॅच आपल्याकडे रात्री ११:५० ला सुरू होते. माझं क्लायंट कॉल सव्वाअकराला संपतं, जेवण उरकून थेट पहिली इनिंग. रात्रीची मॅच मात्र पहाटे ५:३५, ती चहाबरोबर. नेपरविलकर, तुमच्या बाबांना म्हणावं, साताऱ्यातच थांबा, कब्स तिथूनच नीट दिसतील.

नेपरविलकर | १४ एप्रिल २०२५
😂 हे त्यांना वाचून दाखवलं तर तिकीट कॅन्सल करतील.
हे कायद्यात कसं बसतं पण? ग्राहक पैसे द्यायला तयार आणि विकणारा नाही म्हणतो.

टिंबटिंब | १५ एप्रिल २०२५
बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट आहे, १९२२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून. बेसबॉल हा राज्या-राज्यांतला व्यापारच नाही असं तेव्हा कोर्ट म्हणालं, आणि इतर कुठल्या खेळाला ही चैन दिलेली नाही. तरी २०१२ ला प्रेक्षकांनी केस टाकली होती, ही सूट टीव्हीच्या इलाक्यांना लागू होत नाही म्हणून. जानेवारी २०१६ मध्ये खटला उभा राहायच्या तोंडावर तडजोड झाली. त्यातून एका टीमचं स्वस्त पॅकेज निघालं, किंमत थोडी उतरली. ब्लॅकआउट तसाच राहिला.
बाय द वे, तुमचा फोन टी-मोबाइलचा असेल तर दर मार्चच्या शेवटी ते एमएलबी टीव्ही सीझनभर फुकट देतात, काही दिवसच विंडो असते, यंदाची गेली. त्यात घरची टीम नाहीच, पण डॉजर्सचा ओटानी बघायला मिळतो. आणि एमएलबीच्या फुकट अकाउंटवर रोज एक मॅच मोफत असते ती वेगळीच. हायलाइट्स यूट्यूबवर रात्रीच येतात, आठ-दहा मिनिटांत मॅच समजते.

मिसिसागा_मावशी | १५ एप्रिल २०२५
आमच्याकडे कॅनडात सोपं आहे, एकच टीम, ब्लू जेज, आणि एकच मालक. रॉजर्स कंपनीची टीम, रॉजर्सचंच स्पोर्ट्सनेट चॅनेल, स्टेडियमवरही त्यांचंच नाव. स्पोर्ट्सनेट प्लस घेतलं की जेजच्या मॅचेस, देशात कुठेही बसा. पैसे कोणाला द्यायचे हा प्रश्नच उरत नाही 😄

नेपरविलकर | १ जून २०२५
धागा वर काढतोय, अपडेट द्यायचं होतं. मार्की घेतलं. बाब्याच्या सल्ल्याने लांब दांड्यांचा अँटेना घेऊन पूर्वेच्या खिडकीत लावला, शिकागोचे टॉवर तिकडेच, फॉक्स एकदम झकास. ॲपलचं अजून घेतलेलं नाही, त्या शुक्रवारी रेडिओ लावतो आणि खरं सांगायचं तर मुलाला ते जास्त आवडलंय, कॉमेंट्री ऐकत ऐकत वहीत स्कोअर मांडतो.
बाबा आले. पहिले दोन दिवस 'हे काय, नुसतेच फुलटॉस टाकतात' चाललं होतं. मग त्यांना पिच क्लॉक दिसला, पिचरने बेस रिकामे असतील तर पंधरा सेकंदांत आणि माणसं असतील तर अठरा सेकंदांत बॉल टाकायचा, आणि मॅच पावणेतीन तासांच्या आत संपते हे कळल्यावर त्यांचं मत एकदम बदललं, ट्वेंटी-ट्वेंटीला साडेतीन-चार तास लागतात म्हणाले. आता दुपारी आम्ही कामावर आणि ते ६२.२ वर व्हाइट सॉक्स बघतात, कारण अँटेनाच्या रिमोटला एकच बटण दाबावं लागतं आणि ॲपमध्ये पासवर्ड मागतं. सदाशिवराव, तुमच्या पार्टीत एक माणूस वाढला.

साउथ_साइड_सदाशिव | १ जून २०२५
काकांना साष्टांग नमस्कार सांगा!! टी-शर्टची साइज कळवा.

राणीसाहेब | २ जून २०२५
वहीत स्कोअर मांडतो हे वाचून फार बरं वाटलं. त्याला नीट छापील स्कोअरबुक आणून द्या.

नेपरविलकर | २८ सप्टेंबर २०२५
तातडीचा प्रश्न! कब्स प्लेऑफमध्ये, मार्कीवर दिसणार का?

जुनी_खोड | २८ सप्टेंबर २०२५
नाही. प्लेऑफ सगळी राष्ट्रीय चॅनेल्सवर, मार्की आजच बंद करून टाका, ऑक्टोबरचे पैसे वाचतील. वाइल्ड कार्ड, म्हणजे पहिली फेरी, ईएसपीएन-एबीसीकडे, एबीसी अँटेनावर येतं. त्यापुढे यंदा नॅशनल लीग (कब्स ज्या गटात आहेत तो) टीबीएसकडे, ते एचबीओ मॅक्सवर दिसतं, एका महिन्यापुरतं घ्या. वर्ल्ड सिरीज फॉक्स, अँटेना.

एडिसनचा_बाब्या | २८ सप्टेंबर २०२५
तुमचं तरी प्लेऑफ आहे. मेट्सनी एकट्या सोटोला ७६५ मिलियन डॉलर दिले आणि आज शेवटच्या दिवशी मायामीकडून हरून बाहेर. माझे ऑक्टोबरचे सगळेच पैसे वाचले.

मिसिसागा_मावशी | २ नोव्हेंबर २०२५
कोणी माझ्याशी बोलू नका. वर्ल्ड सिरीजची सातवी मॅच, जेजच्या घरच्या मैदानावर, नवव्या इनिंगमध्ये जिंकायला दोन आउट लांब होतो. अकराव्यात गेली.

सिंहगड_रोड | २ नोव्हेंबर २०२५
मावशी, इथे तेव्हा सकाळचे नऊ-साडेनऊ झाले होते, रविवार, सगळी बिल्डिंग ओरडण्याने जमा झाली. त्यांना वाटलं महिला वर्ल्ड कपची फायनल सकाळीच सुरू झाली.

टिंबटिंब | २० नोव्हेंबर २०२५
पुढच्या वर्षासाठी नोंद करून ठेवा, कालच जाहीर झालंय. २०२६ पासून तीन वर्षं एमएलबी टीव्ही ईएसपीएन विकणार. रविवार रात्र आणि वाइल्ड कार्ड एनबीसी आणि पीकॉककडे. ओपनिंग नाइट आणि होमरन डर्बी नेटफ्लिक्सकडे. ॲपलचा शुक्रवार आहे तसाच. म्हणजे जुनी_खोड काकांची एप्रिलमधली यादी आता परत लिहायला लागणार.

मका_आणि_मिसळ | २० नोव्हेंबर २०२५
आणि सगळ्यात भारी विसरलात. ऑगस्टमध्ये डायर्सविलला मक्याच्या शेतातल्या मैदानावर ट्विन्स-फिलीज आहे, आमच्यापासून तासाभरावर. ती पण नेटफ्लिक्सवर. ट्विन्सचं पॅकेज घेतलेल्या माणसाला, ट्विन्सची मॅच, आयोवात होणारी, पॅकेजात नाही.

फुकटचंद | २० नोव्हेंबर २०२५
नेटफ्लिक्सचा पासवर्ड आहे का कोणाकडे?